फोडणी, अलार्म आणि आपण

आपल्या घरांत स्मोक अलार्मचं आणि फोडणीचं हाडवैर आहे, हे मी नव्यानं सांगायला नको. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली, की हॉलमधलं ते पांढरं यंत्र गळा काढून ओरडायला लागतं. मग घरातलं कोणी टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालतं, कोणी दारं-खिडक्या उघडतं, आणि शेवटी एक दिवस कंटाळून घरातला सगळ्यात उंच माणूस खुर्चीवर चढतो आणि बॅटरीच काढून टाकतो. "जेवणं झाली की परत लावू." ती बॅटरी मग किचनच्या ड्रॉवरमध्ये जुन्या किल्ल्या, रबरबँड आणि टेकअवेच्या मेन्यूंच्या सोबतीनं वर्षानुवर्षं सुखानं नांदते.

आमच्याकडेही ती अशीच नांदत होती. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. तिची आठवण झाली ती आमच्या सासूबाई पडल्या तेव्हा.

आईंचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. रात्री बाथरूमला जाताना लँडिंगवरचा दिवा लावायचा नाही, हा त्यांचा नेम. "एवढ्याशासाठी वीज कशाला जाळायची?" पायांत टाच दबून सपाट झालेल्या जुन्या सपाता. एका रात्री पहाटे तीनच्या सुमारास धप्पकन आवाज आला. मी धावत गेले तर आई जिन्याच्या वरच्या पायरीशी पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, नीट झालं, पण आई वरच्या मजल्यावर पुन्हा चढल्या नाहीत. त्यांची कॉट आता समोरच्या खोलीत आहे.

हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्टनं मला विचारलं, "ह्या आधी कधी पडल्या होत्या का?" मी ठामपणे सांगितलं, "नाही, कधीच नाही." घरी आल्यावर चार दिवसांनी आई हळूच म्हणाल्या, "अगं, ही माझी तिसरी वेळ. एकदा बागेत पडले होते, एकदा टबमधून उतरताना. तुम्हाला सांगितलं असतं तर उगाच काळजी केली असती, आणि मला एकटीला जिना चढू दिला नसता."

ते वाक्य मला ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं. मी त्याच घरात होते, आणि मला पत्ता नव्हता.

पुढे घर बघायला एक बाई आल्या. कुठे दांडी बसवायची, कुठली सतरंजी काढायची हे लिहून घेताना त्यांनी सहज वर पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या अलार्मचं झाकण उघडं का आहे?" मी ड्रॉवरकडे बघितलं आणि काय सांगावं ते मला सुचेना. त्या दिवसापासून मी या विषयात थोडं डोकं घातलं. जे कळलं ते आपल्या वाचकांपुढे ठेवावं म्हणून हा लेख.

"वेळच तशी होती"

आपल्याकडे कोणी पडलं, भाजलं, की आपण म्हणतो, "वेळच तशी होती," "योग होता," "थोडक्यात निभावलं, देवाची कृपा." यात मनाला धीर आहे, नाही असं नाही. पण त्यात एक धोकाही आहे. जे नशिबानं झालं त्यावर उपाय शोधायचा नसतो. इथल्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००१ साली 'अॅक्सिडेंट' हा शब्दच आपल्या पानांवरून काढून टाकायचे ठरवले. कारण सरळ होते. बहुतेक इजा आधी ओळखता येतात आणि टाळता येतात. अॅक्सिडेंट म्हटले की ते आपल्या हातात नव्हते असा भास होतो.

पासष्टीच्या वरच्या माणसांपैकी साधारण तिघांतला एक जण दरवर्षी पडतो, आणि ऐंशीच्या वर निम्मे. म्हणजे आमच्या आईंचा योग काही जगावेगळा नव्हता.

गावाने हातात घेतलेले काम

इजा टाळायचे काम एकेका घरावर न सोडता सबंध गावाने मिळून करावे, ही कल्पना युरोपात रुजली ती स्वीडनमध्ये. १९७८ च्या सुमारास फाल्शोपिंग नावाच्या छोट्या गावात दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जखमी माणसाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. कोण, कुठे, कशाने. मग ती नोंद घेऊन डॉक्टर, नर्सेस, शाळा, नगरपालिका आणि गावातल्या संस्था एकत्र बसल्या. पुढच्या काही वर्षांत तिथल्या इजा लक्षात येण्याइतक्या कमी झाल्या. १९८९ साली स्टॉकहोमला जागतिक परिषद भरली, 'सुरक्षित समाज' या नावाने जागतिक आरोग्य संघटनेने ही कल्पना पुढे नेली, आणि त्याच वर्षी स्वीडनमधले लिडशोपिंग हे असे मान्यता मिळालेले पहिले गाव ठरले.

मला सगळ्यात आवडली ती नॉर्वेमधल्या हार्स्टाडची गोष्ट. तिथल्या हॉस्पिटलमधल्या एका सर्जनने भाजलेल्या लहान मुलांची नोंद ठेवली. कुठले मूल कुठल्या चुलीवरच्या भांड्याने भाजले, कुठल्या नळाच्या कढत पाण्याने. नावे न देता ही माहिती तो आपल्याच गावाला परत सांगू लागला, गावच्या वर्तमानपत्रातून आणि लहान मुलांच्या दवाखान्यातून. नर्सेस घरी जाऊन नळाच्या पाण्याचे तापमान कमी करायला सांगत, शेगडीपुढे लावायचे कुंपण दुकानांत ठेवायला लावत. काही वर्षांत पाच वर्षांखालच्या मुलांचे भाजण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. त्याच काळात तुलनेसाठी घेतलेल्या ट्रॉन्डहाइम शहरात मात्र ते कमी झाले नाही.

ही जादू सगळ्याच देशांत तितकी चालली नाही, हेही सांगायला हवे. नुसती पाटी लावून 'सुरक्षित गाव' होत नाही. हार्स्टाडमध्ये ते झाले, कारण सांगणारा गावातलाच होता आणि गोष्टही गावातलीच होती.

ब्रिटनलाही ही रीत नवी नाही. पहिल्या महायुद्धात रस्त्यांवरचे दिवे मंद केल्यामुळे अपघात वाढले, तेव्हा १९१६ साली लंडनमध्ये 'सेफ्टी फर्स्ट' कौन्सिल स्थापन झाले. तीच आजची रॉस्पा. आपल्यापैकी जे साठ-सत्तरच्या दशकांत इथे आले, त्यांच्या मुलांना टफ्टी खारूताई आठवत असेल. रस्ता कसा ओलांडावा हे शिकवणारी ही खारूताई १९५३ साली रॉस्पाच्या एल्सी मिल्स यांनी निर्माण केली, आणि १९६१ साली टफ्टी क्लब निघाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे वीस लाखांच्या आसपास सभासद होते. ते क्लब चालवत होत्या आया, नर्सरीच्या शिक्षिका आणि गावोगावचे स्वयंसेवक.

वीस हजार अलार्म आणि एक धडा

आता परत आपल्या ड्रॉवरमधल्या बॅटरीकडे येऊ.

लंडनच्या कॅम्डन आणि इझलिंग्टन भागांतल्या गरीब वस्त्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, आणि त्याचा निकाल २००२ साली छापून आला. २०,०५० स्मोक अलार्म फुकट वाटले. सोबत माहितीपत्रक दिले, मागितल्यास बसवूनही दिले. वाटणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि पैसाही खर्च झाला होता. पण जिथे अलार्म वाटले आणि जिथे वाटले नाहीत, त्या दोन्ही भागांत आगींची आणि त्यातल्या जखमींची संख्या जवळजवळ सारखीच राहिली. कारण बरेचसे अलार्म भिंतीपर्यंत पोचलेच नाहीत. लंडनमधल्याच कौन्सिलच्या घरांत, जिथे माणसे पाठवून अलार्म बसवून दिले होते, तिथेही सव्वा वर्षाने पाहिले तर जेमतेम निम्मे चालू होते. बाकीच्यांत कुठे बॅटरीच नव्हती, कुठे अलार्मच काढून ठेवलेला.

हे वाचून मला हसू आलं आणि लाजही वाटली. तिथल्या एका घरासारखंच माझं घर.

पण याच अभ्यासातून कामाची गोष्टही निघाली. ज्या अलार्मना बरीच वर्षे टिकणारी लिथियमची बॅटरी आणि थोडा वेळ गप्प बसवायचे बटण होते, ते चालू राहण्याचे प्रमाण जास्त होते. थोडक्यात, माणसाला दोष देण्यापेक्षा त्याच्या स्वयंपाकघराला सोसेल असा अलार्म दिला तर तो टिकतो.

लिव्हरपूल आणि आसपासच्या मर्सीसाइड अग्निशमन दलाने १९९९ पासून वेगळी वाट धरली. आग लागायची वाट बघत स्टेशनात बसण्याऐवजी त्यांचे लोक घरोघर जाऊन तपासणी करू लागले आणि अलार्म स्वतःच्या हाताने बसवून देऊ लागले. पुढे २००४ च्या कायद्याने आग टाळण्याचा प्रचार हे इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्या अग्निशमन दलांचे कर्तव्यच ठरले. १९८८ साली इंग्लंडमध्ये शंभरातल्या आठच घरांत अलार्म होता, आज नव्वदहून जास्त घरांत आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये वर्षाला सातशेच्या वर माणसे आगीत दगावत होती. अलीकडच्या वर्षांत हा आकडा तीनशेच्या आत आहे. याचे श्रेय एकट्या अलार्मचे नाही. सोफे आणि गाद्या सहज पेटू नयेत म्हणून १९८८ साली केलेले नियम, कमी झालेली सिगारेट आणि अडगळीत गेलेले चिप-पॅन यांचाही त्यात वाटा आहे.

लहान मुलांच्या बाबतीतही हाच धडा. २००९ ते २०११ या काळात 'सेफ अॅट होम' नावाची योजना रॉस्पाने इंग्लंडमध्ये चालवली. ६६,००० हून अधिक कुटुंबांना जिन्याची फाटके, शेकोटीची कुंपणे अशा वस्तू नुसत्या दिल्या नाहीत, तर माणूस पाठवून बसवून दिल्या. पैसे संपले आणि योजनाही संपली.

आपलं स्वयंपाकघर, आपली माणसं

इथली माहितीपत्रके उत्तम असतात. पण त्यांत आपलं घर नसतं. त्यांत पुऱ्या तळायची कढई नसते, कुकरची शिट्टी नसते, समईपुढे पदर सावरत वाकणारी आजी नसते. म्हणून काही गोष्टी आपल्याच शब्दांत सांगते.

फोडणीवर उपाय आहे. स्वयंपाकघरात धुराचा नव्हे तर उष्णतेचा अलार्म लावायचा. त्याला धूर कळत नाही, खोली फार तापली तरच तो ओरडतो. स्कॉटलंडमध्ये तर फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात किचनमध्ये असा अलार्म, आणि इतरत्र एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म लावणे कायद्याने आवश्यक आहे. धुराचा अलार्म हॉलमध्ये आणि लँडिंगवर, दहा वर्षांच्या बंद बॅटरीचा आणि गप्प बसवायचे बटण असलेला घ्यावा. महिन्यातून एकदा तरी बटण दाबून बघावं. संकष्टीला बघायचं ठरवलं तर विसरणार नाही.

लहान मुलं या देशात सगळ्यात जास्त भाजतात ती गरम चहा-कॉफीनं. आपल्याकडे तर पाहुणे आले की चहाचा ट्रे खालच्या टेबलावर, आणि नातवंड त्याच टेबलाला धरून उभं राहायला शिकत असतं. चहा केल्यावर पंधरा मिनिटांनीसुद्धा तो बाळाला भाजू शकतो. आणि भाजलंच, तर आपलं घरगुती औषधशास्त्र कृपा करून बाजूला ठेवावं. टूथपेस्ट नको, तूप नको, हळद नको, शाई नको, बर्फही नको. वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं धरायचं. घड्याळ लावून. वीस मिनिटं फार लांब वाटतात, म्हणून हे सांगते.

दिवाळीची दखल इथल्या कायद्यानंही घेतली आहे. इंग्लंडमध्ये रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी आहे, पण दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत मुभा आहे. ती मुभा वापरताना फुलबाज्यांना खेळणं समजू नये. जळती फुलबाजी तळणीच्या तेलापेक्षा कितीतरी पटींनी तापते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात ती देऊच नये. मोठ्या मुलांनी हातमोजे घालावेत, आणि विझलेल्या काड्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात.

आणि आपले आई-बाबा. आपल्याकडे अजून कित्येक घरांत टबमध्ये प्लॅस्टिकचं स्टूल आणि बादली-तांब्या असतो. सवय मोडायला नको, पण भिंतीला धरायला दांडी हवी आणि टबमध्ये न घसरणारी मॅट हवी. इंग्लंडमध्ये कौन्सिलने पाहणी करून गरज मान्य केली, तर हजार पौंडांपर्यंतचे असे छोटे फेरफार फुकट होतात. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. रात्री लँडिंगवर छोटा दिवा राहू द्यावा. त्याला वर्षाला किती वीज लागते हे आईंना हिशेब करून दाखवलं, तेव्हा त्यांनी परवानगी दिली. जुन्या सपाता टाकून टाचेला पट्टा असलेल्या चपला घ्याव्यात. इथे काही ठिकाणी तर ज्येष्ठांना जुन्या सपाता आणून नव्या न्यायला बोलावण्याचे कार्यक्रमही झाले आहेत.

पण सगळ्यात महत्त्वाचा उपाय सपातांचा नाही, पायांच्या ताकदीचा आहे. "बाबा, तुम्ही बसा, मी आणते," हे आपण प्रेमानं म्हणतो, पण बसून बसून पाय दुबळे होतात. तोल आणि स्नायू यांचे ठरावीक व्यायाम नियमित केले, तर पडणे खरोखर कमी होते. लंडन आणि नॉटिंगहॅम-डर्बी भागांतल्या जीपींमार्फत ज्येष्ठांना अशा वर्गांना पाठवून पाहिले. चोवीस आठवडे गटात व्यायाम केलेल्यांत, पुढच्या वर्षी पडण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले. न्यूझीलंडच्या ओटागोमध्ये घरच्या घरी करायचा असाच क्रम बसवला आहे, तोही गुणकारी ठरला आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या आहेत: खुर्चीतून हात न टेकता उठणं, टाचांवर-चवड्यांवर उभं राहणं, आधार धरून एका पायावर तोल सांभाळणं. पण तुमच्या प्रकृतीला काय झेपेल ते जीपीला किंवा फिजिओला विचारून. शिवाय आपल्या सावळ्या कातडीला इथला सूर्य पुरत नाही. व्हिटॅमिन डी रोज दहा मायक्रोग्रॅम, वर्षभर घ्यावं, असा इथल्या सरकारचाच सल्ला आहे.

मंडळाला एक विनंती

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. त्यानंतर या देशात गावोगावी मंडळं निघाली. गणपती, दिवाळी, नाटकं, मुलांच्या मराठी शाळा, हे आपण सगळं केलं. स्वीडनच्या त्या गावांनी समित्या नेमून जे जमवलं, ते आपल्याकडे आयतंच आहे. आपण एकमेकांना ओळखतो, एकमेकांच्या घरी बिनदिक्कत जातो, आणि कोणाची आई भारतातून आली आहे हे आपल्याला न सांगता कळतं.

म्हणून कार्यकारिणीपुढे चार साध्या सूचना ठेवते. पहिली, शिडी आणि ड्रिल हाताळता येणाऱ्या पाच-सहा जणांनी वर्षातला एक शनिवार द्यावा, आणि एकट्या राहणाऱ्या सभासदांच्या घरी जाऊन अलार्म तपासावेत, बदलावेत. अग्निशमन दलाच्या फुकट भेटीसाठी फोन करायचा असेल, तर तोही करून द्यावा. दुसरी, ज्येष्ठांच्या महिन्याच्या भजनाआधी अर्धा तास खुर्चीचा व्यायाम, शिकलेल्या माणसाकडून. तिसरी, गणपतीच्या स्टॉलजवळ एक टेबल, त्यावर मराठीत एका पानाची माहिती, आणि ती समजावून सांगायला आपल्यातलीच एखादी नर्स. आणि चौथी, सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं, "गेल्या वर्षात पडलात का?" रागावायचं नाही, "मी सांगितलं होतं" म्हणायचं नाही, आणि जिना बंद करायची धमकी द्यायची नाही. नाहीतर ते सांगणार नाहीत.

आमच्या आई आता आठवड्यातून दोनदा समोरच्या खोलीत खुर्चीचा व्यायाम करतात. फिजिओ बाईंनी आकडे इंग्रजीत शिकवले होते, त्या मराठीत मोजतात. दहाच्या पुढे गेल्या की मला हाक मारतात, "बघ ग, बारा झाले!" परवा त्यांनी आपणहून सांगितलं, "काल किचनमध्ये जरा तोल गेला होता, पण ओट्याला धरलं." मी पोळी लाटता लाटता शांतपणे "बरं केलंत" म्हटलं. मनातून मात्र फार बरं वाटलं. त्यांनी लपवलं नव्हतं.

आणि हॉलमधल्या अलार्मला नवी बॅटरी आहे. मागच्या रविवारी मिरचीची फोडणी जरा जास्तच झाली आणि तो ओरडला. ह्यांनी सवयीनं खुर्ची ओढली, तशा आई कॉटवरून म्हणाल्या, "अरे, बटण दाब. बॅटरीला हात लावू नकोस."